टिनाचं घर, पाण्याचा कूलर आणि ४५ अंश : वऱ्हाडात उन्हाळ्याआधी घराचं काय काय तपासायला हवं?

२५ मे २०२४. अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं.

जमावबंदी म्हटलं की आधी दंगल आठवते. पण या वेळी कारण होतं ऊन. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता, म्हणून जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत हा आदेश काढला. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, अशा सूचना त्यात होत्या. योगायोग म्हणजे रोहिणी नक्षत्रातला नवतपाही साधारण २५ मेलाच सुरू होतो. थोडक्यात, आजीचं पंचांग आणि सरकारचा आदेश दोघंही एकच सांगत होते : दुपारी घरात बसा.

पण घरच टिनाचं असेल तर?

अकोला आणि अमरावतीच्या शहरी वस्त्यांमध्ये आणि आसपासच्या खेड्यांमध्ये टिनाचं घर ही अगदी रोजची गोष्ट आहे. कुणाचं कायमचंच तसं असतं. कुणी घरकुल मंजूर झालं म्हणून मातीचं जुनं घर पाडलेलं असतं आणि पुढचा हप्ता येईपर्यंत समोरच चार अँगल रोवून, पत्रे ठोकून संसार मांडलेला असतो. बांधकामावरचे मजूर तर काम संपलं की पत्रे आणि अँगल टेम्पोत टाकून घरच सोबत घेऊन जातात. परदेशात ज्याला मोबाइल होम म्हणतात, त्याचा वऱ्हाडी अवतार म्हणा हवं तर. फरक इतकाच की तिकडे घर गरम कसं ठेवायचं याची चिंता असते, इकडे थंड कसं ठेवायचं याची.

या घराचं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे कूलर. आणि घर व कूलर दोन्ही लोखंडाचे असल्यामुळे त्यांची डागडुजी वेगवेगळी धरून चालत नाही. का, ते पाहू.

टिन इतकं तपतं का?

टिन म्हणतात, पण असतो तो जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास. इतक्या पातळ पत्र्याला तापायला वेळच लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी त्याचं तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जातं आणि मग तो पत्रा खालच्या माणसांवर उष्णता फेकायला लागतो, तव्याजवळ हात नेल्यावर न टेकवताही लागते तशी. म्हणून कूलरची हवा गार असली तरी डोकं तापलेलंच राहतं. हवा गार झाली, छत नाही झालं.

पातळपणाचा एक फायदाही आहे. सूर्य मावळला की टिन पटकन निवतं. स्लॅबचं घर मात्र दिवसभर साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतं. त्यामुळे टिनाच्या घराची खरी लढाई सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा एवढीच असते.

या लढाईत वऱ्हाडातले लोक हाताशी येईल ते वापरतात. पत्र्यावर कडबा, पऱ्हाट्या, तुराट्या पसरतात, ओली पोती टाकतात, हिरवी नेट बांधतात. सावली मिळते, फरकही पडतो. पण वाळलेल्या पऱ्हाट्यांवरून किंवा त्यांच्या खालून विजेची वायर गेलेली असेल तर एक ठिणगी पुरते. पत्र्यावर काहीही पसरण्याआधी वायर कुठून गेली आहे ते बघायला हवं.

पांढरा रंग हा त्याहून बरा उपाय. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा आणला, पुढे तिथे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम झालं. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी थेट थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. इथे एक चूक मात्र हमखास होते. स्लॅबला चालतो म्हणून लोक टिनालाही चुना फासतात. चुना पत्र्याला नीट धरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. शिवाय तो अल्कली असल्यामुळे जस्त आणि अॅल्युमिनियमच्या मुलाम्याला खातो. टिनाला आधी गंज घासून प्रायमर आणि मग पांढरा ऑइलपेंट किंवा ऊन परावर्तित करणारा छताचा रंग, हाच क्रम बरोबर.

त्याहून मोठा फरक पडतो तो पत्र्याखाली सीलिंग केल्याने. ते महागडं असायला हवं असं नाही. बांबूच्या चटईचं, प्लायचं, जे परवडेल त्याचं चालतं. महत्त्व आहे ते पत्रा आणि सीलिंग यांच्यामधल्या वीतभर मोकळ्या जागेला, आणि त्या जागेतली गरम हवा दोन्ही टोकांनी बाहेर पडण्याला. बाजू बंद करून टाकल्या तर वर गरम हवेची पेटीच तयार होते.

मुंबईत न चालणारा कूलर अकोल्यात इतका का चालतो?

मुंबईच्या पाहुण्याला अकोल्यातल्या घरात झोपवलं की सकाळी प्रश्न ठरलेला : कूलर इतका गार कसा?

उत्तर माठात आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. कूलरमध्ये पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून खाली झिरपतं आणि पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांमधून आत खेचतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना जितकी उष्णता शोषली जाते, ती विजेच्या भाषेत जवळपास पाऊण युनिट भरते.

पण वाफ किती होणार हे हवा किती कोरडी आहे यावर अवलंबून. मे महिन्यात दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या कपड्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २३ अंश दाखवेल. कूलर कितीही भारी असला तरी हवा याच्याखाली जाऊ शकत नाही. चांगल्या ताट्या असलेला कूलर या दोन आकड्यांमधलं पाऊण अंतर कापतो, म्हणजे ४४ अंशांची हवा २८-२९ वर आणतो. आता हेच गणित पावसाळ्यात करा. तापमान ३२, आर्द्रता ७५ टक्के. ओला थर्मामीटर २८ दाखवतो. कूलरला कापायला अंतर उरतं चार अंशांचं, त्यातले तीन तो कापतो आणि वर घर दमट करतो. मुंबईत बाराही महिने जवळपास हेच होतं. म्हणून जून संपता संपता वऱ्हाडातले कूलर बंद पडतात, ते बिघडलेले नसतात.

नुसता पंखा मात्र या उन्हात उपयोगाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नये, कारण तो शरीरापेक्षा जास्त गरम हवा अंगावर फेकतो. म्हणजे कूलरची टाकी कोरडी पडली आणि पंखा तसाच फिरत राहिला, तर घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं भट्टीच्या तोंडासमोर बसल्यासारखी असतात. भर दुपारी टाकीतलं पाणी बघणं हे घरात कुणाचं तरी ठरलेलं काम असलं पाहिजे.

‘कूलर चालू आहे, पण चिकचिक होतं’

ही तक्रार आली की लोक कूलर दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात. बहुतेक वेळा दोष कूलरमध्ये नसतोच, दारात असतो.

कूलर बाहेरून हवा आत ढकलतो. ती ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तीच खोलीत साचते, आर्द्रता वाढते आणि घाम वाळत नाही. एसीची सवय असलेले लोक इथे फसतात. एसीला खोली बंद लागते, कूलरला उघडी. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार किमान कूलरच्या तोंडाएवढं तरी उघडं हवं. आणि कूलर स्वतः खोलीबाहेर, सावलीत. तो आत ठेवला तर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते.

टिनाच्या घरात खिडकी नसते तेव्हा पत्रा कापून कूलरसाठी भोक पाडतात. ते पाडायला हरकत नाही. पण कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते आणि कूलरची वायर बहुतेक वेळा त्याच कडेवरून आत येते. पंख्याच्या थरथरीने ती वायर रोज थोडी थोडी घासली जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खारपाणपट्ट्यातलं पाणी कूलरला खातं

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांमधून खारपाणपट्टा जातो. इथल्या भूगर्भातलं पाणी खारं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी लोकांचे काय हाल होतात हा वेगळा विषय, पण कूलरचंही आयुष्य हे पाणी ठरवतं.

अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं, अमरावतीला अप्पर वर्धाचं. पण नळाला पाणी रोज येत नाही आणि मोठा कूलर कडक उन्हात ताशी १० ते २० लिटर पाणी पितो. मग बोअरचं पाणी टाकीत ओतलं जातं.

हिशोब सोपा आहे. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. समजा टाकी ५० लिटरची आहे. त्यातलं २०० लिटर पाणी उडालं आणि आपण ते वरून भरत राहिलो, टाकी एकदाही रिकामी केली नाही. आता त्या ५० लिटरमध्ये २५० लिटर पाण्याचे क्षार आहेत, म्हणजे पाणी पाचपट खारं झालं. तेच ताट्यांवर पांढरा थर होऊन बसतं, पंपाचं तोंड बुजवतं आणि टाकीचा तळ कुजवतं. खारं पाणी वीजही जास्त चांगली वाहून नेतं, हे वेगळंच.

म्हणून वरून भर घालत राहणं पुरेसं नाही. बोअरचं पाणी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायला हवी. पाण्याची टंचाई असताना हे सांगणं जिवावर येतं, पण ते पाणी अगदीच वाया जात नाही, अंगण किंवा संडास धुवायला चालतं. झाडांना मात्र घालू नये.

ताट्यांचं म्हणाल तर तीन पर्याय आहेत. लाकडाच्या बारीक सालपटांच्या साध्या ताट्या, ज्याला बाजारात सरसकट कूलरचं गवत म्हणतात. या स्वस्त असतात आणि दर हंगामात बदलाव्या लागतात. वाळ्याच्या ताट्यांचा पहिला वास सुंदर, पण महाग. आणि तिसऱ्या जाड कागदी पुठ्ठ्याच्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. या दोन-तीन हंगाम टिकतात असं दुकानदार सांगतात, आणि गोड्या पाण्यावर ते खरंही आहे. खाऱ्या पाण्यावर त्यांची बारीक भोकं क्षारांनी बुजतात. बोअरच्या पाण्यावर कूलर चालणार असेल तर गवताची ताटी दरवर्षी बदलणं हाच शहाणपणाचा सौदा.

ताटी बसवताना गवत खाली सरकून वर मोकळी जागा राहत नाही ना, हे बघायचं. तशी जागा राहिली तर गरम हवा तिथूनच आत येते. पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हाळीची भोकं खिळ्याने मोकळी करायची. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की फिरतो, असं असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. ते स्वस्तातलं काम आहे, त्यासाठी नवी मोटर घ्यायची गरज नसते.

कूलरचा शॉक इतका जीवघेणा का?

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांमध्ये एक बातमी ठरलेली असते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागला. गाव वेगळं, वय वेगळं, बातमी तीच. महावितरणही दर उन्हाळ्यात तेच आवाहन करतं. तरी बातम्या थांबत नाहीत, कारण नेमकं काय होतं हे फारसं कुणी समजावून सांगत नाही.

कूलरमध्ये पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या आतल्या तारांवरचं आवरण जुनं झालं, किंवा वायरचा जोड पाण्यात गेला, की करंट पाण्यात आणि तिथून लोखंडी बॉडीत उतरतो. कूलर मात्र चालूच राहतो, हवाही गार येते. काही बिघडलंय हे कळायला मार्ग नसतो. मग कुणीतरी अनवाणी, ओल्या जमिनीवर उभं राहून, हातात बादली घेऊन कूलरला हात लावतं. करंटला जमिनीत जायला वाट हवी असते, ती त्या माणसाच्या शरीरातून मिळते.

‘पण घरात एमसीबी आहे ना, पडेल की तो.’ हा गैरसमज अनेक जीव घेतो.

ओल्या शरीराचा विजेला होणारा विरोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर शरीरातून ०.२३ अॅम्पिअर करंट जाईल. हृदयाची लय बिघडवायला याच्या निम्माही पुरतो. आता एमसीबीकडे बघा. तो १६ अॅम्पिअरचा असेल तर त्याच्या वर करंट गेल्यावरच तो पडणार. ०.२३ अॅम्पिअर म्हणजे जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बाला लागतो त्याहूनही कमी. माणूस कूलरला चिकटलेला असताना एमसीबीच्या लेखी घरात फक्त एक बल्ब जास्त लागला आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही.

माणूस वाचवणारं उपकरण वेगळं आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने इलेक्ट्रिशियन ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, एवढंच ते मोजत बसतं. फरक पडला याचा अर्थ करंट भलत्या वाटेने, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत चालला आहे. घरासाठी ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी घेतात. ०.२३ अॅम्पिअर म्हणजे २३० मिलिअॅम्पिअर, मर्यादेच्या सातपटीहून जास्त. सेकंदाच्या छोट्याशा भागात तो वीज तोडतो. विकत घेताना ३० हा आकडा बघून घ्या, १०० किंवा ३०० मिलिअॅम्पिअरचा या कामाचा नाही. त्याच्यावर टेस्टचं एक बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. दाबल्यावर पडला नाही तर तो निकामी आहे.

बऱ्याच घरांत आरसीसीबी बसवला जातो आणि आठवड्याभरात काढूनही टाकला जातो. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘सारखा पडते.’ सारखा पडतो, कारण कूलर किंवा घरातली दुसरी एखादी वस्तू करंट सोडतेय. दोष दाखवणाऱ्यालाच दोष देण्याचा हा प्रकार. एकेक वस्तू बोर्डवरून काढून बघितली तर चोर सापडतो, आणि उन्हाळ्यात बहुतेकदा तो कूलरचा पंपच असतो.

दुसरं संरक्षण म्हणजे अर्थिंग. थ्री पिनमधली मोठी पिन कूलरच्या बॉडीला जोडलेली असते. बॉडीत करंट उतरला तर तो माणसाऐवजी तिथून जमिनीत जावा, यासाठी. प्रत्यक्षात जुन्या घरांत बोर्डमध्ये अर्थिंगची वायरच आलेली नसते, किंवा थ्री पिन बसत नाही म्हणून हिरवी वायर कापून टू पिन लावलेली असते. ज्यांच्याकडे अर्थिंग आहे त्यांनीही उन्हाळ्यात एक गोष्ट करायला हवी. वऱ्हाडातली काळी माती मे महिन्यात भेगाळते, ओल खोल जाते आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. कूलरला पाजतो तसंच त्यालाही पाजायचं.

टिनाच्या घरात गोष्ट आणखी एक पायरी पुढे जाते. मघाशी सांगितलेली पत्र्याच्या कडेवर घासणारी वायर आठवते? तिचं आवरण फाटलं की करंट उतरतो थेट घरात. भिंत लोखंडाची, छत लोखंडाचं, दार लोखंडाचं. सगळे पत्रे अँगलने एकमेकांना जोडलेले. मग घराचा कुठलाही कोपरा शॉक देऊ शकतो. कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याला बांधलेली असेल तर अंगणात ओले कपडे टाकणाऱ्या बाईलाही.

त्यामुळे टिनाच्या घरात काही गोष्टींना पर्याय नाही. वायर पत्र्यातून जिथे जिथे आत येते तिथे ती प्लास्टिकच्या पाइपमधून घ्यायची. पत्र्यावर खिळ्याने ठोकलेली उघडी वायर नको, पीव्हीसी पट्टी किंवा पाइप हवा. कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी वापरायची. कूलरसाठी एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर टाकायचा नाही. पत्र्यांच्या सांगाड्यालाच अर्थिंग जोडून घेता येतं, पण हे काम आणि आरसीसीबी बसवायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच.

आणि सगळ्यात साधा, फुकटचा नियम : पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. तिथे बटण बंद केलं तरी आत करंट असतोच.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला कूलरपासून सोडवा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाब द्यायला लागा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा. बाहेरची तार तुटून घरावर पडली असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

पत्रे उडतात कसे?

९ एप्रिल २०२३ ची रात्र. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावात बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला म्हणून लोक टिनाच्या शेडखाली गेले. शेजारचं कडुनिंबाचं मोठं, जुनं झाड उन्मळून त्या शेडवर पडलं. सात जणांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले.

टिनाचं छत ऊन आणि पाऊस अडवतं. झाडाचं वजन पेलणं हे त्याचं काम नाही आणि ते पेलूही शकत नाही. वादळ दिसायला लागलं की मोठ्या झाडाखालच्या शेडमधून बाहेर पडून पक्क्या इमारतीत जाणं हाच मार्ग. घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्यांसाठी ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे अर्ज करायचा तो मार्चमध्ये, कारण एप्रिलमध्ये अवकाळी येऊन ठेपलेला असतो.

झाड नसलं तरी वारा पुरतो. जोराचा वारा छतावरून जाताना पत्र्याला वर ओढतो आणि उघड्या दारातून आत घुसलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही एकाच दिशेने. त्यामुळे पत्रे दबून पडत नाहीत, उडतात. सुरुवात कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यापासून होते, म्हणून तिथले हूक बोल्ट जवळ जवळ हवेत. वारा सुटला की ज्या बाजूने येतोय तिकडचं दार लावून घ्यायचं.

पत्र्यावर दगड आणि विटा ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते. साध्या वाऱ्याला ती चालते. वादळात पत्रा उचलला गेला की तेच दगड आत झोपलेल्यांवर येतात. दगडाच्या खर्चाला पैसे लागत नाहीत आणि बोल्टला लागतात, हे खरं. पण निदान जिथे खाट किंवा पाळणा आहे, त्याच्या वरचा भाग तरी बोल्टने आवळून घ्यावा.

गळतीचं कारण बहुतेकदा भोकात असतं. बोल्टचं भोक पत्र्याच्या उंच वळीवर पाडतात, खोलगट भागात पाडलं तर पाणी तिथूनच आत येतं. बोल्टखालचा रबरी किंवा डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो. मे महिन्यात सकाळी लवकर वर चढून वॉशर बदलून घेतले की जून सुखाचा जातो. चढताना पाय पत्र्यावर नाही, खाली जिथे अँगल आहे त्या रेषेवर. आणि वर चढण्याआधी मेन स्विच बंद.

नुकसान झालंच तर आवरायच्या आधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या निकषांत, कच्च्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ४ हजार रुपयांची तरतूद आहे. या पैशांत किती पत्रे येतात हे हार्डवेअरच्या दुकानात विचारलं की मदतीचा आकार कळतो. तरीही पंचनामा सोडू नका, मृत्यू किंवा पूर्ण घर गेल्याच्या मदतीसाठीही कागद तोच लागतो.

पाऊस लागला, कूलर ठेवून दिला. संपलं?

नाही. टाकीत चार बोटं पाणी राहिलं तरी एडिस डासाला, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला, ते भरपूर झालं. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून हंगामातही आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची असते. नुसतं पाणी ओतून दिलं तर मात्र अर्धंच काम होतं. या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात, पुढच्या पाण्याची वाट बघत. टाकी ब्रशने घासूनच ठेवायची. मग उन्हात वाळवून गंज खरवडायचा, आतून डांबरी रंगाचा हात द्यायचा, पंप गोड्या पाण्यात चालवून धुवून घरात ठेवायचा आणि जुन्या ताट्या काढून टाकायच्या.

हिवाळ्यात हेच टिन उलटं वागतं. दिवसा पटकन तापणारा पत्रा रात्री पटकन गार पडतो, पहाटे आतल्या बाजूने दव धरतं आणि अंथरुणावर थेंब पडतात. मेळघाटाच्या बाजूला, चिखलदऱ्याच्या आसपास तर थंडी चांगलीच बोचते. मग लोक कूलरचं भोक पुठ्ठ्याने बुजवतात, फटींत चिंध्या कोंबतात आणि शेगडी आत घेतात. कोळसा कमी हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपेत त्याची चाहूलही लागत नाही. शेगडी झोपण्याआधी बाहेर ठेवायची, निखारे विझलेले वाटले तरी. आणि भिंत आणि छत यांच्यामध्ये वर ठेवलेली ती वीतभर फट, जिच्यातून उन्हाळ्यात गरम हवा जात होती, ती थंडीतही बुजवायची नाही.